नाल्याचं वजन

सर,

तुम्ही गेलात त्याला एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत तुमच्याविषयी मी जे जे लिहिलं ते सगळं छापून आलं. कॉलेजच्या स्मरणिकेत लेख, विभागाच्या माहितीपत्रकात अर्धं पान, भिंतीवरच्या तुमच्या फोटोखाली चार ओळी. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तरी ते आता वाचताना मला माझीच लाज वाटते. हे पत्र कुठे छापायला द्यायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, तेव्हा सरळच लिहिते. मला तुमचा राग आहे. माणूस गेला की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही, मुरत गेला.

आधी चांगलं सांगते, कारण ते चांगलं होतं म्हणूनच तर एवढा राग. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. वर्गात आम्ही बावीस जण, बहुतेक हिंदी बोलणारे, त्यात मुली तिघी. संख्याशास्त्राचा तास, आणि तुम्ही आलात ते काखेत गुंडाळलेला मोठा कागद घेऊन. फळ्यावर टाचण्यांनी लावला तर तो निघाला आपल्याच भागाचा सर्वेक्षणाचा नकाशा, तपकिरी रेषांनी भरलेला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, ये तो जॉग्रफी वालों का है." तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. पारदर्शक कागदावर आखलेले चौकोन त्या नकाशावर ठेवलेत आणि म्हणालात, "हर खाने में एक नंबर लिखो. जो ऊँचाई है, वो नंबर." आम्ही लिहीत गेलो. दुसऱ्या दिवशी त्याच चौकोनांत उतार, तिसऱ्या दिवशी घरांची संख्या. मग तुम्ही एक कागद दुसऱ्यावर ठेवून चौकोनाशी चौकोन जुळवलात आणि आकड्यांची बेरीज करायला लावलीत, गुणाकार करायला लावलात. "अब ये चित्र नहीं रहा. अब इससे सवाल पूछे जा सकते हैं." उंचीची सरासरी काढून झाली तेव्हा तुम्ही विचारलंत, या सरासरी उंचीवर किती लोक राहतात? आम्ही शोधलं. त्या उंचीचा एकच चौकोन निघाला, आणि तो नुसता खडकाचा उतार. तिथे एकही घर नव्हतं. "एक भी नहीं. याद रखना," तुम्ही म्हणालात, आणि मी वहीच्या मागच्या पानावर ते लिहून ठेवलं. आकडा माणसाला फसवू शकतो, हे गणिताच्या मास्तरानं सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते.

आम्ही तेव्हा अधारतालला दोन खोल्यांत राहायचो. बाबा फॅक्टरीत फिटर. मी जमिनीवर कागद पसरून चौकोन भरत बसले की ते येता-जाता म्हणायचे, "पोरगी शिकून राहिली का चित्रं काढून राहिली?" बी.एस्सी. झाल्यावर माझं बी.एड. करून टाकायचं ठरलं होतं. तुम्ही सायकलवरून घरी आलात, पायरीवरच बसलात, आणि बाबांना म्हणालात, "तुम्ही फॅक्टरीत मापात चुकलं तर माल वाया जाते ना? तुमची पोरगी मापात चुकत नाही. तिला एम.एस्सी. करू द्या." बाबांना मापाची भाषा कळायची. त्यांनी करू दिलं. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या पायरीवरच्या पाच मिनिटांतून निघालं, हे मी विसरले नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

अंतराचा धडा तुम्ही नदीवर, ग्वारीघाटाला नेऊन दिलात. सगळा वर्ग पायऱ्यांवर उभा. समोरचा किनारा इतका जवळ की पलीकडे धुणं वाळत घालणाऱ्या बाईच्या लुगड्याचा रंग दिसत होता. तुम्ही विचारलंत, तो किनारा किती दूर? कुणी तीनशे पावलं सांगितली, कुणी पाचशे. तुम्ही नावाड्याकडे वळलात. "भैया, उस पार कितना दूर है?" त्यानं वल्ह्यावरचा हात न काढता सांगितलं, "नाव है तो ये रहा. नाव नहीं तो पूरे दिन का रास्ता." तुम्ही आमच्याकडे पाहिलंत, एवढं समाधान मी तुमच्या तोंडावर पुन्हा पाहिलं नाही. नकाशावरचं अंतर पट्टीनं मोजायचं नसतं. प्रत्येक चौकोनाला चालण्याचं वजन द्यायचं. रस्त्याला एक, शेताला तीन, पावसातल्या काळ्या मातीला पाच, पाण्याला त्याहून जास्त. आणि मग घरापासून निघून चौकोना-चौकोनानं बेरीज करत जायचं. जी बेरीज येईल ते माणसाचं खरं अंतर. आज संगणक हे एका बटणात करतो. आम्ही ते पेन्सिलनं केलं, आणि म्हणून ते आमच्या हाडांत गेलं.

याचा वेगळा पेपर विज्ञानाच्या अभ्यासक्रमात असावा, हे तुमचं वेड होतं. भूगोलवाले म्हणायचे, नकाशे आमचे. गणिताचे प्रमुख म्हणायचे, रंगकाम शाळेत झालं, इथे नको. तुम्ही दरवर्षी अर्ज टाइप करायचात आणि तो दरवर्षी परत यायचा. या वेडाची किंमत कोण देतं ते मला तुमच्या घरी कळलं. तुमच्याकडे एवढा मोठा कागद पसरायला जागा एकच होती, स्वयंपाकघराची फरशी. अर्ध्या फरशीवर नकाशा, अर्ध्या फरशीवर काकू. त्या निवडायच्या, चिरायच्या, आणि बोलायच्या. राज्यं नव्यानं आखली गेली, आपलं शहर हिंदी राज्यात राहिलं आणि मराठी नोकरदार नागपूरला निघाले, तेव्हा काकूंचे दोन्ही भाऊ गेले, शेजारपाजार गेला. तुम्हालाही तिकडे जागा मिळत होती. "यायले इथं नवा विभाग मिळणार होता म्हणे," काकू म्हणायच्या. "माह्यं माहेर रेषेच्या तिकडं गेलं अन् यायचा विभाग काही आला नाही. काहून बसले इथं, यायलेच ठाऊक." तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात. मला तेव्हा काकू कटकट्या वाटायच्या. मला तेव्हा तुम्ही बरोबर वाटायचात, सगळ्याच बाबतींत.

मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा कॉलेजच्या समितीचे अध्यक्ष तुम्हाला म्हणाले की तुमच्या विद्येचा काही उपयोग दाखवा. शहपुऱ्याकडची जमीनदार असामी. सगळे त्यांना भैयाजी म्हणत. त्यांच्या भागात सात गावांसाठी एक आरोग्य उपकेंद्र मंजूर झालं होतं. जागा ठरायची होती आणि गावं आपसांत भांडत होती. कॉलेजनं नकाशावरून जागा सुचवली तर भांडण मिटेल, असं ते म्हणाले. आणि नवे पेपर मंजूर करणाऱ्या अभ्यास मंडळात त्यांचा शब्द चालायचा. ते तुम्ही मला हळूच सांगितलंत, डोळे चमकवून, एखाद्या पोरानं गुपित सांगावं तसं.

तो हिवाळा मी त्या सात गावांत चालले. सकाळच्या बसनं शहपुरा, तिथून पायी किंवा बैलगाडीनं. मधून एक नाला वाहायचा. चार गावं सडकेच्या बाजूला, तीन पलीकडे. पलीकडच्या एका गावात एक सुईण होती, तिला मी मौसी म्हणायची. तिच्याकडेच मी जेवायची. तिची सून नवी नवरी, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. मी हातात घड्याळ धरून बायकांच्या चालण्याची वेळ मोजायची, आणि ही डोक्यावर घागर घेऊन माझ्यापुढे चालायची आणि वळून वळून हसायची. "घड़ी देख के कोऊ चलत है का, बिन्ना?" बिन्ना म्हणजे ताई. मी मौसीला विचारलं, पावसाळ्यात नाला ओलांडायला किती वेळ लागतो? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अगदीच खुळी आहे. "चार महीना ऊ पार हमाए लाने बिदेस है." चार महिने पलीकडचा काठ आमच्यासाठी परदेश.

मी नाल्याच्या चौकोनांना नऊ दिलं. खरं तर तिथे आकडाच नको होता, भिंत हवी होती. पण तुम्ही म्हणालात की आठ महिने तो कोरडा असतो तेव्हा काहीतरी आकडा दे, आणि मी माझ्या पट्टीतला सगळ्यात मोठा दिला. मग सातही गावांतल्या प्रत्येक घरापासून बेरजा. दोन महिने लागले. सगळ्यात कमी बेरीज आली ती पलीकडच्या काठावर, एका जुन्या मोहाच्या झाडाजवळ. सडकेच्या गावांना शहपुऱ्याचा दवाखाना होताच, एका बसच्या अंतरावर. तुम्ही माझ्या बेरजा तपासल्यात आणि एकही चूक सापडली नाही. पाठीवर थाप मारलीत. दुसऱ्या दिवशी मी गेले आणि मौसीला सांगून आले, मोहाजवळ होणार आहे म्हणून. ही माझी चूक. पण मला तेव्हा वाटत होतं की बेरीज बरोबर आली म्हणजे गोष्ट ठरली.

पंधरा दिवसांनी तुम्ही मला घरी बोलावलंत. दुपार होती. काकू मटर सोलत होत्या, ताज्या शेंगांची टोपली भरून समोर. नकाशा पसरलेला. तुम्ही उकिडवे बसलात आणि म्हणालात, भैयाजींनी सडकेच्या काठची आपली जमीन उपकेंद्राला दान द्यायचं ठरवलं आहे, वडिलांच्या नावानं. मला वाटलं तुम्ही हसत हसत सांगाल की आपण त्यांना नकाशा दाखवू. तुम्ही म्हणालात, "नाल्याचं वजन जरा जास्त झालं आहे."

"किती हवं?" मी विचारलं.

"दोन ठेवून बघ."

"सर, दोन म्हणजे शेतापेक्षा सोपा? पाण्यातून चालणं?"

"वर्षाची सरासरी धर. आठ महिने नाला कोरडाच असते."

मी म्हणाले, "सर, सरासरी उंचीवर एकही माणूस राहत नव्हता. तुम्हीच दाखवलं होतं."

मी हे उद्धटपणे म्हटलं नव्हतं. मला खरंच वाटलं की तुम्ही विसरला आहात आणि आठवण दिली की खूश व्हाल. तुमचा चेहरा कसा झाला ते मी अजून पाहू शकते. तुम्ही काकूंकडे एकदा पाहिलंत आणि मग मला म्हणालात, आवाज न चढवता, "वजन हे मत असते. गणित नंतर सुरू होते. तू चार दिवस त्या बायांच्या हातचं जेवून आली अन् भावना आकड्यात मिसळून राहिली. तुला गणित शिकवलं की हे शिकवलं? पुढच्या महिन्यात मंडळाची बैठक आहे. मी अठरा वर्षं थांबलो या पेपरासाठी. लिही."

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. मी खोडरबर घेतलं. नाल्याचे एकतीस चौकोन होते. मी एकतीस वेळा नऊ खोडला आणि एकतीस वेळा दोन लिहिला. तुम्ही लिहिलं नाहीत, सर. तुम्ही पेन्सिलीला हातही लावला नाहीत. याचा राग मला सगळ्यात उशिरा आला, आणि तोच सगळ्यात जास्त टिकला. बेरजा पुन्हा करायला आठ दिवस लागले. सगळ्यात कमी बेरीज या वेळी अगदी शहाण्या मुलासारखी सडकेच्या काठावर येऊन बसली, दानाच्या जमिनीपासून दोन चौकोनांवर. तुम्ही पुन्हा सगळं तपासलंत. पुन्हा एकही चूक नव्हती.

बैठकीच्या आदल्या दिवशी तुम्ही मला तुमची कंपासपेटी दिलीत. पितळेची, आत जांभळी मखमल, तुमच्या वडिलांनी तुम्हाला मॅट्रिकला घेऊन दिलेली. "आता तुझी," म्हणालात. घरी बाबांनी ती हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली, म्हणाले, असं काम आता होत नाही. मी रडले तर आईला वाटलं आनंदानं रडते.

पेपर मंजूर झाला. उपकेंद्र बांधून झालं, पांढरं, पुढे संगमरवराची पाटी. माझा नकाशा काचेत बसवून विभागात लावला, खाली तुमचं नाव आणि त्याखाली माझं. पुढच्या जुलैत मला त्याच पेपरासाठी तात्पुरती व्याख्याती म्हणून घेतलं, आणि दोन वर्षांनी कायम केलं. मी तुमच्या घरी पेढे घेऊन आले होते. काकूंनी पेढा हातात घेतला आणि देवापुढे नेऊन ठेवला. खाल्ला नाही.

ती आली ती माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर. मी तासाला निघाले होते. व्हरांड्यात, खांबाला टेकून, मांडीवर गाठोडं घेऊन मौसी बसली होती. माझा चेहरा बघितल्यावर उठली, दोन्ही हातांनी माझी हनुवटी धरली. गाठोड्यात शिंगाडे होते, माझ्यासाठी आणलेले. मग म्हणाली, "बिन्ना, तुमने तो कही थी महुआ के पास बनहै." तक्रार नव्हती त्यात. मी सांगितलं होतं आणि झालं नव्हतं, तेव्हा काय झालं ते विचारायला ती दोन बसा बदलून आली होती. मग तिनं सुनेचं सांगितलं. भादव्यात दिवस भरले, मूल आडवं. मौसीचे हात चालेनात. सुनेला खाटेवर घालून नाल्यापर्यंत नेलं. नाला भरून चालला होता. तिथेच काठावर खाट ठेवून पाणी उतरायची वाट पाहिली, एक दिवस आणि पुढच्या दुपारपर्यंत. "ऊ पार दवाखाने की दीवार दिखत रही," ती म्हणाली. पांढरी भिंत समोर दिसत होती. दोघंही गेली, ती आणि मूल.

तुम्ही विभागातून बाहेर आलात. "क्या बात है?" मौसीनं तुमच्यापुढे पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून, शांतपणे, कारण तुम्ही मोठे सर होतात आणि तुम्हाला कळेल असं तिला वाटलं. तुम्ही ऐकून घेतलंत. चष्मा काढून पुसलात. आणि म्हणालात, "मौसी, जगह तो सरकार तय करती है. हम लोग तो सिर्फ पढ़ाते हैं." मग माझ्याकडे वळून, तिला कळू नये म्हणून मराठीत, "आत जा. तुझा तास आहे."

मी आत गेले. मी त्या दिवशी प्रमाण विचलन शिकवलं, पूर्ण पंचेचाळीस मिनिटं. बाहेर आले तेव्हा ती गेलेली होती. शिंगाडे शिपायानं मिठाच्या पाण्यात उकडून स्टाफला वाटले. तुम्ही खाल्लेत. मीही दोन खाल्ले. गोड होते.

त्यानंतर आपण सोळा वर्षं एका विभागात काम केलं आणि त्या दिवसाविषयी एक अक्षर बोललो नाही. तुम्ही उत्तम शिकवत राहिलात. बाहेरगावचे प्राध्यापक तुमचा पेपर बघायला यायचे. नकाशाकडे गणित म्हणून बघायला तुम्ही शेकडो मुलांना शिकवलंत, आणि त्यातले कितीतरी आज सर्वेक्षणात, जंगलखात्यात, धरणांवर चांगली कामं करतात. तेही खरं आहे. माझी अडचण हीच आहे. तुम्ही नुसते वाईट असतात तर मी केव्हाच सुटले असते. तुमच्या निरोपाच्या समारंभात भाषण मी केलं. "सरांनी आम्हाला आकड्यामागचा माणूस बघायला शिकवलं," असं मी म्हणाले. टाळ्या पडल्या. तुम्ही मान खाली घातलीत. लोकांना वाटलं विनयानं.

तुमच्या शेवटच्या आजारात मी तीनदा आले. प्रत्येक वेळी ठरवून आले की विचारायचं. पहिल्यांदा तुम्ही झोपला होतात. दुसऱ्यांदा शेजारी पाहुणे होते. तिसऱ्यांदा आपण दोघंच होतो आणि तुम्ही विचारलंत, "यंदा पेपराला किती मुलं आहेत?" मी म्हणाले, चौतीस. तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "चांगलं आहे." तेवढंच. मी तुमच्या उशाशी बसून तुमच्यासाठी मोसंबी सोलली आणि घरी गेले.

तेराव्याला मी काकूंना भेटायला स्वयंपाकघरात गेले. ती फरशी मला लहान वाटली. काकू म्हणाल्या, "त्या दिवशी मी इथंच बसली होती, मटर सोलत. सगळं ऐकलं मी. तू खोडरबर हातात घेतलं तेव्हा मले वाटलं, ही पोरगी आता उठून जाईन."

"मी गेले नाही, काकू."

"नाही गेली. म्हणून तर नोकरी लागली तुले." हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. वरण ढवळत होत्या. मग म्हणाल्या, "यायनं माह्यं माहेर सोडलं या पेपरापायी. त्यापुढं यायले नाला काय मोठा वाटणार होता? पण तू तर त्या बायांच्या हातचं जेवली होती, बाई."

मी त्यांच्यापुढचं वरण उचलून वाढायला बाहेर नेलं. आता त्याही नाहीत.

आणि आता मी काय करते ते सांगते, म्हणजे हे पत्र एकतर्फी होणार नाही. तुमच्यानंतर प्रात्यक्षिकाची पुस्तिका मी तयार केली. त्यात नमुन्याचं उदाहरण म्हणून आपलाच नकाशा घातला. दुसरं इतकं पूर्ण उदाहरण माझ्याकडे नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. सात गावं, घरांची संख्या, वजनांचं कोष्टक, नाला दोन. दरवर्षी मुलं त्या बेरजा करतात, दरवर्षी उत्तर सडकेच्या काठावर येतं, आणि मी दरवर्षी त्याखाली लाल शाईनं बरोबरची खूण करते. माझी निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे. किती खुणा झाल्या असतील, हिशेब केलेला नाही.

मागच्या आठवड्यात पहिल्यांदा मी मुलांना घेऊन त्या गावांना गेले. इतकी वर्षं मी सहल दुसरीकडे नेत होते. नाल्यावर आता रपटा आहे, सिमेंटचा बुटका पूल, त्यावरून मोटरसायकली जातात. तुमचा दोन आता जवळजवळ खरा झाला आहे. मोहाचं झाड नाही. मौसीचं घर कुठलं ते सांगणारं कुणी भेटलं नाही. उपकेंद्र बंद पडून बरीच वर्षं झाली, तिथे भैयाजींच्या नातवाचं खताचं गोदाम आहे. संगमरवराची पाटी तेवढी शाबूत. मुलं पाटीपुढे उभी राहून फोटो काढत होती.

परतताना बसमध्ये एक विद्यार्थिनी माझ्या शेजारी येऊन बसली. आपल्यातलीच आहे, घरचे मूळचे वर्ध्याकडचे. मी मराठीत बोलते, ती समजते सगळं, उत्तर हिंदीत देते. हुशार आहे. मांडीवर लॅपटॉप होता. म्हणाली, "मॅडम, मैंने बुक वाला मैप अभी बस में बैठे-बैठे फिर से चलाया. नाले का वेट एक से नौ तक बदल के देखा. छह तक जगह वहीं रहती है, सड़क पे. सात करते ही कूद के उस पार चली जाती है." तिनं पडदा माझ्याकडे वळवला. चौकोन होता, पलीकडच्या काठावर, लाल. मी पेन्सिलनं दोन महिन्यांत काढलेला. "तो मॅडम, ये दो किसने रखा? पानी के लिए दो तो बहुत कम है ना?"

बस शहपुऱ्याच्या बाजारातून चालली होती, हॉर्न, गर्दी, मटरच्या गोण्या. मला काहीही म्हणता आलं असतं. इतकी वर्षं मी हाच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ते उदाहरण पुस्तिकेत ठेवलं आहे, असंही मी स्वतःला अधूनमधून सांगत आले होते. मी म्हणाले, "छपाईची चूक असेल गं."

ती लगेच मान हलवून म्हणाली, "अच्छा. तो मैं पेन से सुधार लेती हूँ, बाकी लोगों को भी बोल दूँगी. क्या लिखूँ, मॅडम?"

मी म्हणाले, वर्गात सांगते.

वर्ग काल होता. मी तब्येतीचं कारण लिहून रजा टाकली आणि घरी हे लिहीत बसले. तब्येत माझी अगदी ठीक आहे, सर.